नऊ खिडक्यांच्या शिल्पकारास अनावृत पत्र

आदरणीय सर,

 

आपण नव्या कंपनीत एव्हाना रुळला असाल, आणि मुख्य म्हणजे रात्री झोपत असाल. इकडे आम्ही सर्व क्षेम आहोत, फक्त झोपत नाही. हिंजवडीच्या त्याच इमारतीत, त्याच कोपऱ्यात, आपण वारसा म्हणून ठेवून गेलेल्या त्याच स्क्रीनपुढे बसून हे पत्र लिहिते आहे. रात्रीचे दोन वाजलेत. अमेरिकेत आपल्या ग्राहक बँकेच्या गावी दुपारचे साडेचार झालेत. एसी नेहमीप्रमाणे मोकाट सुटलाय. समोर नऊ खिडक्या सताड उघड्या आहेत आणि वारा एकीतूनही येत नाही.

सर्वप्रथम आभार. बँकेच्या मेनफ्रेमवर नजर ठेवायला आपल्याआधीच्या मंडळींना एकच खिडकी पुरायची. एक बघायचं, एंटर मारायचा, दुसरं बघायचं. अगदीच गरज पडली तर, मेनफ्रेमवर रोजचं काम ज्यातून करतात त्या आयएसपीएफमध्ये एफ२ दाबून पडदा दुभंगायचा आणि एफ९ दाबून इकडून तिकडे जायचं. आपण आलात आणि म्हणालात, "सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे." आपल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे यंत्रावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पडदा आडवा कापायची सोय होती, उभा कापायचीही होती. आपण दोन्हीकडून दोन-दोन काप मारलेत. शंकरपाळी पाडावीत तशा तीन त्रिक नऊ खिडक्या पडल्या. मॅनेजर साहेबांनी आपल्या मागे उभं राहून फोटो काढला. तो फोटो अजून ग्राहकाला दाखवायच्या पीपीटीत आहे. त्यावरचा मजकूर कोणालाही वाचता येत नाही, म्हणून तर तो इतका भारदस्त दिसतो.

हा सारा थाट आपण १३२ रकान्यांच्या पडद्यावर उभा केलात, हे मात्र आपण कोणालाच सांगितलं नाहीत. हा आपला विनय. आपण जाणताच, ३२७० जातीची टर्मिनलं १९७१ साली आली. खरी यंत्रं कधीच भंगारात गेली आणि आता लॅपटॉपवरचा एम्युलेटर त्यांचं सोंग आणतो, पण मापं तीच राहिली. मॉडेल ५ म्हणजे २७ ओळी आणि १३२ रकाने. मॉडेल २ म्हणजे २४ ओळी आणि ८० रकाने. ते ८० म्हणजे १९२८ सालच्या भोकं पाडायच्या कार्डाच्या रुंदीची आठवण. आपण मॉडेल ५ वर बसून कापाकापी केलीत. आम्हा बाकीच्यांचे एम्युलेटर उघडतात मॉडेल २ वर.

त्यामुळे आपली ४४ रकान्यांची ऐसपैस खिडकी आमच्याकडे २६ रकान्यांची फट होते. उंचीचा हिशेब तर अजूनच गोड आहे. वरच्या तीन ओळी कमांडला गेल्या की उरल्या एकवीस, म्हणजे खिडकीमागे सात. त्यातून शीर्षक, रकान्यांची नावं आणि खालची रेघ वजा केली की हातात चार. चार ओळी म्हणजे चारोळीच की. एका अख्ख्या बँकेच्या कारभारावरचा नऊ चारोळ्यांचा संग्रह आम्ही रोज रात्री वाचतो. अर्थही चारोळ्यांइतकाच लागतो.

खिडकी अरुंद झाली की मॉनिटर बिचारा बसतील तेवढेच रकाने दाखवतो. जॉबचं आठ अक्षरी नाव बसतं, त्याचा प्रकार बसतो, सीपीयूची टक्केवारी बसते. 'कशासाठी थांबलाय' हा रकाना बसत नाही, तो उजवीकडे पडद्याआड जातो. त्याला बोलवायचं तर त्या खिडकीत कर्सर नेऊन एफ११ दाबायचं. तो येतो तेव्हा जॉबचं नाव डावीकडून निघून जातं. सासू-सुनेसारखं आहे. दोघी एका वेळी एका खोलीत थांबत नाहीत.

आणि रंग! रंगांबद्दल किती आभार मानू? १९७९ साली रंगीत टर्मिनल आलं, तेव्हापासून या पडद्याला रंग मिळाले सातच. पण आपण सातांपैकी एकाचंही मन दुखावलं नाहीत. निळ्यावर हिरवं, हिरव्यात गुलाबी, आणि सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की लालभडक. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या रात्री वाटतं, धुळवड आहे.

त्या ८० टक्क्यांविषयी दोन शब्द लिहायची परवानगी द्या. आपल्याला मी काय सांगणार. पण पत्र उघडं आहे, शेजारून कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी. घरचा लॅपटॉप शंभर टक्क्यांवर गेला की पंखा बोंबलतो आणि आपण घाबरतो. मेनफ्रेम मुळात शंभराच्या आसपास राबावं म्हणूनच घेतात. एवढ्या किमतीचं यंत्र निम्मं रिकामं बसवणं कोणाला परवडतं? १९९४ पासून त्यात वर्कलोड मॅनेजर आहे. तो लग्नाच्या पंगतीतल्या जाणत्या काकांचं काम करतो. कोणाला किती वेळात वाढून झालं पाहिजे हे आधीच ठरलेलं, कोणाचा मान किती हेही ठरलेलं: एक ते पाच. सर्वांत खाली, ज्यांना काही ठरवूनच दिलेलं नाही अशी मंडळी, उरेल ते खाणारी. मांडव गच्च भरला तरी व्याह्यांच्या पानात वेळेवर तूप पडतंय ना, एवढंच बघायचं असतं. त्याचा आकडाही तयार मिळतो, पीआय नावाचा. एक किंवा एकाच्या आत असला तर वेळेत वाढलं जातंय. एकाच्या वर गेला तर व्याही ताटकळलेत.

आपण मांडव किती भरला ते मोजलंत. व्याह्यांकडे पाहिलं नाहीत.

छे, मी अन्याय करते आहे. पीआयची एक खिडकी आपण ठेवली आहे, तिसरी. फक्त ती उरेल ते खाणाऱ्या मंडळींच्या गटावर लावली आहे. त्या गटाला उद्दिष्टच नसतं, त्यामुळे त्याचा पीआय गणितानं येत नाही. यंत्र तिथे कायमचं ०.८१ लिहून ठेवतं. बँक बुडो, विजा पडोत, प्रलय होवो, ०.८१. मी गेली दोन वर्षं तो आकडा पाहते आहे. देवळात जाणं होत नाही हल्ली, ती उणीव यातून भरून निघते. इतकी अचल मूर्ती दुसरीकडे दिसत नाही.

ऑक्टोबरातली ती दुपार (तिकडची दुपार) आठवली की आपल्याबद्दलचा आदर दाटून येतो. आठ खिडक्या हिरव्या होत्या. हिरव्यागार! सीपीयू ४१ टक्के. मी शेजारच्या मुलीला म्हटलंसुद्धा, "आज काय शांत आहे गं." आणि फोन वाजला. बँकेच्या हेल्पडेस्कवरून एक गृहस्थ अत्यंत सभ्यपणे विचारत होते की शाखांमधले व्यवहार गेली वीस मिनिटं अडकून पडलेत, हे आमच्या लक्षात आलंय का.

झालं होतं असं, की दुपारी चालायला नको असा एक बॅच जॉब कोणीतरी चालवला होता, आणि तो डीबी२ डेटाबेसच्या एका टेबलावर लॉक धरून बसला होता. गल्लीच्या तोंडाशी ट्रक आडवा लागावा तसा. मागे, शाखांचे व्यवहार चालवणाऱ्या सीआयसीएसचे व्यवहार रांगेत उभे. आता रांगेत उभा राहिलेला व्यवहार सीपीयू खात नाही, तो नुसता थांबतो. म्हणून सीपीयू खाली आला. म्हणून आपली स्क्रीन हिरवी झाली. यंत्र निरोगी असतं तेव्हा आपली स्क्रीन लाल असते, आणि ते गुदमरतं तेव्हा ती हिरवीगार होते. असा उलटा ताप मोजणारा थर्मामीटर बनवायला विलक्षण प्रतिभा लागते, सर.

आणि 'कशासाठी थांबलाय' त्या रकान्यात उत्तर लिहिलेलं होतंच. पडद्याआड, एफ११ दाबल्यावर.

सीपीयूवरून आठवलं. एकाच एलपारचा, म्हणजे यंत्राच्या एकाच वाट्याचा, सीपीयू आपण तीन खिडक्यांत लावलात, ही तर आपली उदारता. एकीत ९१, दुसरीत ६४, तिसरीत ७८. सुरुवातीला मला वाटलं, यंत्र भाजीवालीसारखं गिऱ्हाईक बघून भाव सांगतंय. मग कळलं, एक खिडकी या क्षणाचा आकडा देते, दुसरी पंधरा मिनिटांची सरासरी, आणि तिसरी आरएमएफ या मोजमापाच्या साधनाच्या तिसऱ्या मॉनिटरसारखी, दर सेकंदाला एक नमुना घेत गेल्या १०० सेकंदांचा गोषवारा. तिन्ही आकडे खरे. कुठला कुठल्या काळाचा, हे शीर्षकात उजवीकडे लिहिलेलं असतं. उजवीकडे म्हणजे कुठे, हे आता वाचकांनाही पाठ झालं असेल.

आता सातवी खिडकी. खालच्या रांगेतली पहिली. सर, इथे माझा कंठ दाटून येतो.

मी तेव्हा नवीन होते, दुसऱ्याच आठवड्यातली. बाहेर पाऊस कोसळत होता. सव्वादोनला मी पाहिलं, तर सातव्या खिडकीत ९९ टक्के, लाल, आणि सर्वांत वर एक जॉब निम्मं यंत्र एकटा खातोय. बाजूला वेळ १६:४५. मी बोटांवर साडेनऊ तास मोजले. सव्वादोन वजा साडेनऊ, पावणेपाच. बरोबर आत्ताची वेळ! मी ऑन-कॉलवाल्यांना उठवलं. त्यांनी मॅनेजर साहेबांना उठवलं. ब्रिज कॉल उघडला, त्यावर अकरा माणसं जमली, त्यात बँकेच्या दोन बाई. मी थरथरत्या आवाजात जॉबचं नाव वाचून दाखवलं, एकेक अक्षर करून.

पलीकडे शांतता. मग त्यांतल्या एक बाई फार मायेनं म्हणाल्या की तो जॉब आम्ही जानेवारीतच बंद केला.

मॅनेजर साहेब म्यूट करायला विसरले होते. अकरा जणांच्या साक्षीनं, शुद्ध मराठीत त्यांनी विचारलं, "अगं, तू कुठल्या महिन्यातलं बघतेयस?"

आपल्या लक्षात आलंच असेल. कधीतरी एका जुन्या घोटाळ्याचा तपास करताना आपण ती खिडकी मागच्या एका दिवसावर नेलीत. मॉनिटर इतिहास जपून ठेवतो आणि मागितला की काढून देतो, फार गुणी आहे. तपास झाला. खिडकी आजच्या तारखेवर परत आणायची राहिली, आणि आपण तशीच ती सगळ्यांसाठी सेव्ह केलीत. आपल्या ४४ रकान्यांत शीर्षकामध्ये तारीख दिसत होती. आमच्या २६ मध्ये तारीख कापली जाते आणि वेळ तेवढी उरते. दिवसातून एकदा, बरोबर सव्वादोनला, ती खिडकी खरी दिसते. बंद घड्याळाच्या निम्मी तरी खरी म्हणायची.

टीममधल्या बाकीच्यांना ठाऊक होतं. "सातवीकडे बघायचं नसतं," मला दुसऱ्या दिवशी चहावर कोणीतरी सहज सांगितलं. घरात एखाद्या खोलीचं दार उघडायचं नसतं, तसं. केटीत, म्हणजे काम सोपवतानाच्या शिकवणीत, हे नव्हतं.

केटीबद्दलही ऋणी आहे. दोन तासांच्या केटीतला पाऊण तास आपली समोशांची प्लेट येण्यात गेला, आणि दस्तऐवजात एकच पान होतं: त्या नऊ खिडक्यांचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'सेल्फ एक्सप्लनेटरी'.

बारीकसारीक उपकार तर किती सांगू! आपण दर पाच सेकंदांनी आपोआप ताजी होणारी स्क्रीन ठेवलीत. त्यामुळे काही टाइप करायला जावं तर खालच्या ओळीत एक्स उमटतो आणि कीबोर्ड कुलूपबंद. अटेन्शनची कळ शोधेपर्यंत पुढचे पाच सेकंद येतात. नऊ खिडक्या दर पाच सेकंदांनी भरायच्या म्हणजे मॉनिटरलाही राबावं लागतंच, आणि पहिल्या खिडकीत सर्वाधिक सीपीयू खाणाऱ्यांच्या चार ओळींमध्ये तो स्वतः दिमाखात बसलेला असतो. चोर पकडायला ठेवलेला रखवालदार रोज रात्री स्वतःचीच फिर्याद नोंदवतो. ज्या चार-चार तासांच्या सरासरीच्या महिन्यातल्या शिखरावर कित्येक सॉफ्टवेअरचं बिल ठरतं, ती सरासरी मात्र नऊपैकी एकाही खिडकीत नाही. पैशाचा मोह आपल्याला कधी नव्हताच.

आणि एफ३. सर, आयएसपीएफवर वाढलेला माणूस झोपेतही एफ३ दाबतो. एफ३ म्हणजे बाहेर पडणं, उंबरठा ओलांडणं, घरी जाणं. आपण एफ३ ला 'ही खिडकी काढून टाक' असं काम दिलंत. मी पहिल्या महिन्यात किती खिडक्या मारल्या असतील, त्यांचं पाप चित्रगुप्तानं कोणाच्या खात्यात मांडलं असेल, एवढं एकदा कळवावं.

शेवटी मी ही स्क्रीन दुरुस्त करायला निघाले, तेव्हा आपल्या साहित्यसंपदेचं दर्शन झालं. आम्हा गरिबांना मेंबरच्या, म्हणजे सेव्ह केलेल्या स्क्रीनच्या, नावाला आठच अक्षरं मिळतात. त्या आठांत आपण केवढं कथानक बसवलंत! सामायिक लायब्ररीत रांगेनं उभे होते: 'न्यू', 'न्यून्यू', 'फायनल', 'फायनल२', 'राहूदे' आणि 'टेस्ट'. मी विश्वासानं 'फायनल२' उघडलं. रिकामं. अख्खी टीम रोज रात्री लॉगऑन झाल्यावर जी स्क्रीन आपोआप उघडते, ती 'टेस्ट'. 'राहूदे' उघडायचा धीर मला अजून झालेला नाही.

त्या लायब्ररीत लिहायची परवानगी फक्त आपल्या यूजर आयडीला होती, आणि आपला आयडी आपण गेल्यावर रीतसर बंद झाला. म्हणजे हा ताम्रपट झाला. मी सुरक्षावाल्यांकडे अर्ज केला. त्यांनी विचारलं, मालकाची लेखी संमती आहे का? मालक म्हणजे आपण. आपण फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि त्यापुढे काही होत नाही. पण मला त्या निळ्या खुणाही आश्वासक वाटतात. निदान तिथे तरी रंगाचा अर्थ बरोबर आहे.

मग आमच्यातल्या एका जुन्या काकांनी, जे निवृत्तीला टेकलेत आणि आपल्या काळातही जे कोपऱ्यात बसून असायचे, मला एक वाक्य सांगितलं: "अगं, मॉनिटर आधी तुझ्या लायब्ररीत शोधतो, मग सामायिकमध्ये." एवढंच. त्याच नावानं माझ्या स्वतःच्या लायब्ररीत सेव्ह केलं की माझ्यापुरतं माझंच उघडणार. दोन वर्षं मी ताम्रपट वितळवायला निघाले होते आणि शेजारी कोरा कागद पडलेला होता. त्यांना आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, "कोणी विचारलंच नाही." त्यांनाही कधीतरी असंच पत्र लिहीन म्हणते.

आपल्या परवानगीशिवाय एक धाडस केलं आहे. पडदा फक्त आडवा कापला, तीनच खिडक्या, तिन्ही पूर्ण ८० रकान्यांच्या. वर, ज्यांचा पीआय एकाच्या पुढे गेलाय तेवढेच गट, सर्वांत वाईट आधी. कोणीच नसेल तर खिडकी रिकामी. मधल्यात कोण थांबलंय आणि कशासाठी. खाली एलपारचा सीपीयू आणि ती बिलाची चार तासांची सरासरी. तिन्हींचा काळ एक. शीर्षकात तारीख. एंटर मारला की ताजं होतं, नाही मारला तर गप्प बसतं. एफ३ नं बाहेर पडता येतं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली दहा आपल्या रंगांचा निरोप घेण्यात गेली.

रात्री बहुतेक वेळ वरची खिडकी रिकामीच असते. मॅनेजर साहेब परवा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "यात काही दिसतच नाहीये. ग्राहक आला तर काय दाखवणार?" तेव्हा ग्राहक येतील त्या दिवशी आपलीच स्क्रीन लावायची असं ठरलं आहे. आपली कीर्ती अबाधित आहे, काळजी नसावी.

घरी सर्वांना नमस्कार. आपल्या नव्या टीमला माझे मनापासून आशीर्वाद. वयानं लहान असले तरी द्यावेसे वाटतात.

कळावे, लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपली नम्र,
रात्रपाळीतली एक

ता. क. सातव्या खिडकीची तारीख अखेर सापडली. काकांनी त्यांचा एम्युलेटर मॉडेल ५ वर उघडून दाखवला. अठ्ठावीस नोव्हेंबर. आता दरवर्षी त्या दिवशी रात्री आम्ही समोसे मागवतो. यंदा आपण यावं. केटीतला उरलेला सव्वा तास शिल्लक आहे.